काळ्या कोटाला दोन खिसे हवेत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चंद्रपूरच्या गोल बाजारातून एक चक्कर मारावी. किराणा दुकानदारापासून सराफापर्यंत प्रत्येकाच्या पाटावर नवी वही असते. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जातो आणि मगच मंडळी फटाक्यांकडे वळतात. अलीकडे त्यांतल्या बहुतेकांचा खरा हिशेब संगणकात असतो, पण पूजेला वहीच लागते. आता ह्याच शहरात, कोर्टाच्या आसपास ज्यांच्या पाट्या लटकतात, ते वकील त्या संध्याकाळी कशाची पूजा करतात? कायद्याची पुस्तके दसऱ्यालाच पुजून झालेली असतात. नाणी आणि नोटा घरच्या देव्हाऱ्यात जातात. वही मात्र नसते, कारण वही हा प्रकारच तेथे नसतो. ज्या व्यवसायाचा सारा डोलारा लेखी पुराव्यावर उभा, त्या व्यवसायात स्वतःकडे आलेल्या पैशाचा लेखी पुरावा ठेवण्याची चाल नाही. ही गोष्ट मला कित्येक वर्षे खुपते आहे, आणि सणाच्या दिवशी हिशेबाविषयी बोलू नये असा आपल्याकडे संकेत नसल्यामुळे ती येथेच बोलून टाकतो.

आधी एक खुलासा. हा लेख लबाड वकिलांविषयी नाही. त्यांच्याकरिता फौजदारी कायदा समर्थ आहे. मी लिहितो आहे ते सज्जन वकिलांविषयी. एका खोलीत ज्यांची कचेरी आहे, ज्यांच्याकडे एक मुन्शी आणि फार तर एखादा ज्युनियर आहे, आणि ज्यांच्या नावाला आपल्या पंचक्रोशीत मान आहे अशांविषयी. मुंबई-नागपूरच्या बड्या फर्मांत हिशेबनीस असतात, ऑडिटर असतात. त्यांची मला चिंता नाही.

मी शाळामास्तर आहे. खेड्यातल्या मास्तराकडे लोक कागद वाचून घ्यायला येतात, हे आपणांस ठाऊक असेलच. नोटिसा, समन्स, सातबारे, निकालांच्या नकला, भूसंपादनाची पत्रे असे कितीतरी कागद मी ओसरीवर बसून वाचून दाखवले आहेत. इतक्या वर्षांत एक कागद मात्र जवळजवळ पाहायलाच मिळाला नाही, तो म्हणजे वकिलाने दिलेली पावती.

असे का होते हे समजायला आमच्याकडचा पैसा कसा वाहतो ते पाहिले पाहिजे. आमच्या जंगली मुलखात पैसा महिन्याच्या पहिल्या तारखेला येत नाही, मोसमाने येतो. तेंदूपत्त्याची तोडणी उन्हाळ्यात. तिचे पैसे हाती पडतात ते मे-जूनच्या सुमारास, आणि नेमकी त्याच वेळी दिवाणी कोर्टे उन्हाळी सुट्टीवर असतात. धानाची कापणी दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा कोर्टांना पुन्हा सुट्टी. आणि ते धान विकून पैसा येतो तो पौष-माघात. मोहफुलांवर मीठ-मिरची निघते, वकील निघत नाही. बल्लारपूरच्या कागद गिरणीतला किंवा कोळसा खाणीतला पगारदार अशील मिळाला तर ते वकिलाचे भाग्यच समजावे. उलट वकिलाचा खर्च मात्र मोठा इमानी. तो दर महिन्याला न चुकता दारात उभा. खोलीचे भाडे, मुन्शीचा पगार, वीज, पेट्रोल, झेरॉक्स, नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरची वर्गणी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशी शिफारस केली की ज्युनियर वकिलाला ग्रामीण भागात दरमहा किमान पंधरा हजार रुपये द्यावेत. शिफारस योग्यच आहे. परंतु ज्या तालुक्यात भर पावसाळ्यात सीनियरच्याच पदरात तेवढे पडत नाहीत, तेथे ज्युनियरने काय करावे हे तिच्यात लिहिलेले नाही.

येणे मोसमाचे आणि देणे महिन्याचे, ह्यांच्यामधली दरी वकील कशाने भरतो? येथे माझ्या तक्रारीचे मूळ आहे. समजा, पहिल्या भेटीत अशिलाने दहा हजार रुपये टेबलावर ठेवले. त्यांतली फी किती आणि खटल्याच्या खर्चाकरिता किती, हे दोघांपैकी कोणीच बोलत नाही. बोलणे असभ्य वाटते. वकिलाच्या मनात सहा फीचे आणि चार खर्चाचे असतात. अशिलाच्या मनात, दहा दिले म्हणजे खटला निकाली निघेपर्यंत आता सुटलो, असे असते. ते चार हजार कोर्ट फी, समन्स बजावण्याची फी, टायपिंग, नकला, जमिनीची मोजणी यांकरिता असतात. खर्च होईपर्यंत ते वकिलाचे नव्हेत, अशिलाचेच आहेत. पण कोटाला खिसा एक! असे पंधरा अशील झाले की साठ हजारांचे परके धन त्या एका खिशात साठते आणि खिसा जड लागू लागतो. खिसा जड असला की आपण अडचणीत आहोत हे माणसाला उमगतच नाही. त्यातून मुलीच्या कॉलेजची फी जाते, मोटारसायकलचा हप्ता जातो. सहा महिन्यांनी मोजणीचे पैसे भरायची वेळ येते, तेव्हा नव्या अशिलाच्या पैशातून जुन्या अशिलाची मोजणी होते. नव्याची कोणाच्या पैशातून होणार? त्याच्यानंतर येणाऱ्याच्या. ही वकिली राहिली नाही, ही भिशी झाली. आणि भिशीतही कोणाचा नंबर केव्हा लागणार ते लिहून ठेवलेले असते.

आमच्या भागात एक जुने वकील होते. नाव सांगत नाही. माणूस इतका सरळ की समोरच्या पक्षाचे लोकही त्यांना वाटेत नमस्कार करीत. कोणाची दमडी त्यांनी बुडवली नाही. सगळा हिशेब डोक्यात, आणि ते डोके पक्के. एके दिवशी छातीत कळ आली आणि डोके आणि हिशेब एकदमच गेले. तेरावा उरकायच्या आत घरी माणसे येऊ लागली. कोणी म्हणे, साहेबांकडे माझे वीस हजार खर्चाचे जमा आहेत. कोणी म्हणे, नुकसानभरपाईतले माझे पैसे साहेबांनी सांभाळून ठेवले होते. मुन्शीला काही आठवत होते, काही नव्हते. वकीलबाईंनी कोणालाच खोटे म्हटले नाही. नवऱ्याच्या नावाला बट्टा नको म्हणून त्यांनी गावाबाहेरचा प्लॉट विकला आणि जो आला त्याला दिले. त्यांतले खरे किती आणि खोटे किती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि गंमत अशी की ज्यांच्याकडे साहेबांची फी राहिली होती, त्यांतला एकही माणूस त्या दारात फिरकला नाही. वही असती तर त्या बाईंनी प्लॉट राखला असता आणि चार लोकांकडून येणेही वसूल केले असते.

मी काही नवे मागतो आहे असे कोणी समजू नये. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चा आहे. त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वर्तनाचे जे नियम केले त्यांत हे सारे स्वच्छ लिहिले आहे. वकिलाने अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा. आलेली रक्कम फीची की खर्चाची ते नोंदवावे. खटला चालू असताना अशिलाच्या लेखी संमतीवाचून खर्चातला पैसा फीकडे वळवू नये. अशिलाकरिता कोणाकडून पैसे आले तर ते शक्य तितक्या लवकर त्याला कळवावे. आणि अशिलाने मागितल्यास हिशेबाची नक्कल द्यावी. ह्याहून अधिक मी काय सांगणार? नियम आहे, तो पाठ करून वकिलीची परीक्षाही लोक देतात. फक्त वही नाही.

फीची गोष्टही अशीच. वकिलाला फीचा लेखी करार करता येतो आणि ती बुडाली तर दावा लावता येतो, ही मुभा कायद्याने १९२६ सालीच दिली. शंभर वर्षे होत आली. माझ्या ओळखीच्या एकाही वकिलाने ती वापरलेली नाही. दाव्याला कागद लागतो, आणि कागद कोठून आणणार? मग राग निघतो तो अशिलाच्या फायलीवर. “आधी बाकी दे, मग कागद ने,” असे बजावले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट सांगितले की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क नाही. दुसरा उपाय म्हणजे टक्केवारी. अपघाताची किंवा भूसंपादनाची भरपाई मिळाली की तीतला अमुक हिस्सा वकिलाचा, असा तोंडी ठराव. निकालावर ठरणारी फी घेऊ नये असा बार कौन्सिलचा नियम आहेच. गोदावरीपलीकडच्या तेलंगणातले एक प्रकरण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. नवरा अपघातात गेलेल्या एका बाईकडून भरपाईच्या टक्केवारीने मागितलेल्या फीपोटी वकिलाने चेक घेतला होता. तो वटला नाही म्हणून तिच्यावरच खटला भरला. न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि अशी फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे सांगितले. आमच्याकडे कोळसा खाणींकरिता जमिनी जातात, गोसीखुर्दच्या कालव्यांकरिता जातात, सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक करणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यांवर अपघात होतात. भरपाई हा शब्द येथे पोरासोरांना माहीत आहे. तेव्हा हा निकाल प्रत्येक कचेरीत टेबलाच्या काचेखाली ठेवण्याजोगा आहे.

“मास्तर,” एक वकील मित्र मला म्हणाले, “आमचा धंदा विश्वासावर चालतो. पावती पुढे केली तर अशिलाला वाटेल, साहेबांचा माझ्यावर विश्वास नाही.” हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. पण विश्वास येथे एकाच बाजूने ठेवायचा असतो, हे त्यात सांगितलेले नाही.

माझ्या शाळेतल्या एका मुलाची आई पोटगीचा दावा लढत होती. धान रोवायला जायची, तेंदू तोडायची आणि प्रत्येक पेशीला काही ना काही नेऊन द्यायची. तिला लिहिता येत नव्हते. तिने चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या होत्या. आखूड रेघ शंभराची, लांब रेघ पाचशेची. दिवाळीला तिने सारे घर सारवून पोतेरून घेतले, पण भिंतीचा तेवढा तुकडा तसाच ठेवला. मुलाने त्या रेघा वहीत उतरवून माझ्याकडे आणल्या. त्यांतल्या सहा लांब रेघा तिने ‘कोर्ट फी’च्या म्हणून सांगितल्या. आता पोटगीच्या प्रकरणात स्त्रीला कोर्ट फी महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ पासून माफ केलेली आहे. मग ते तीन हजार कशाचे? तो टायपिंगचा, नकलांचा, जाण्यायेण्याचा खरा खर्चही असेल आणि मुन्शीने सगळ्याला ‘कोर्ट फी’ हे एकच नाव दिले असेल. मी त्या वकिलाला लबाड म्हणत नाही. म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही, आणि तो लबाड नाही असे म्हणण्याइतका पुरावा त्याच्याजवळ नाही. मी बाईंना विचारले, पावती का मागितली नाही? त्या म्हणाल्या, “मोठ्या माणसाले कागद कसा मांगाचा, गुरुजी?”

तिला वकिलाला एक पैसाही द्यायची गरज नव्हती, हे आणखी वेगळेच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यातली ३८ टक्क्यांहून अधिक वस्ती अनुसूचित जमातींची होती. त्यांत इतर सर्व स्त्रिया मिळवा म्हणजे किती लोकांना हा हक्क आहे ते दिसेल, आणि कोर्टाच्या आवारात एक दिवस उभे राहा म्हणजे किती जणांना तो माहीत आहे तेही दिसेल.

फसलेल्या माणसाने जावे तरी कोठे? तक्रार करायची ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, म्हणजे मुंबईला. सिरोंच्याहून जिल्ह्याचे गावच सुमारे दोनशे किलोमीटर आहे, मुंबईचे नाव काढायला नको. ग्राहक न्यायालयाचे दार मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केले. वकिलाची सेवा त्या कायद्यात बसत नाही असा निकाल झाला. त्याच्या कायदेशीर बाजूवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मात्र त्या दिवशी वकील मंडळींनी पेढे वाटले असतील तर त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की बाहेरचा तपासनीस गेला म्हणजे घरातली वही अधिक चोख हवी.

काही जणांचा आक्षेप प्राप्तिकराचा आहे. छोट्या व्यावसायिकांकरिता २०१६-१७ पासून एक सोय झाली. वर्षाची जमा पन्नास लाखांपर्यंत असेल (आणि २०२३-२४ पासून, रोखीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असल्यास पंच्याहत्तर लाखांपर्यंत) तर निम्मी जमा नफा धरून कर भरावा. हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नाही. “सरकारच वही मागत नाही, तुम्ही कोण?” असे मला ऐकवण्यात आले. अहो, ही सूट सरकारने आपल्यापुरती दिली आहे, अशिलाच्या वतीने नव्हे! शिवाय थोडे गणित करून पाहा. खर्चाकरिता आलेले परके पैसे आणि फी एकाच खात्यात पडली, तर जमा म्हणून कोणता आकडा दाखवणार? सगळा दाखवला तर दुसऱ्याच्या पैशावर कर भरायचा; अंदाजाने कमी दाखवला आणि उद्या कोणी विचारले तर फरक कशाचा ते सिद्ध करता येणार नाही. वही वकिलाचा कर वाचवते. एवढ्या एका कारणासाठी तरी ती ठेवावी.

वेळ नाही म्हणणाऱ्यांविषयी मला फारसे बोलायचे नाही. आमच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब दररोज लिहावा लागतो. किती मुले जेवली, किती तांदूळ शिजला, किती उरला. एका पोत्याचा मेळ लागला नाही तर मुख्याध्यापकाची झोप उडते. गावोगावच्या बचत गटांच्या बायका, ज्यांतल्या काहींना सहीपुरतीच अक्षरे येतात, शंभर-शंभर रुपयांची नोंद ठेवतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेव्हापासून ह्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू-तेंदूचा व्यवहार स्वतःच्या बँक खात्यातून करतात. त्यांना हिशेबाला वेळ मिळतो, आणि पदवीवर पदवी घेतलेल्या माणसाला मिळत नाही?

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. आपण अशील लोकही काही साधुसंत नाही. डॉक्टरला तपासणीची फी आधी देऊ, न्हाव्याला हातावर देऊ. पण वकिलाला ‘निकाल लागू द्या’ म्हणू, आणि निकाल लागल्यावर रस्ता बदलू. खटला जिंकला तर आपली बाजूच खरी होती, हरला तर वकील नालायक! बँकेतून कर्ज काढताना पन्नास सह्या करणारा माणूस वकिलाकडे गेला की कागदाला विटाळ मानतो. वकिलाची फी ही त्याची पोटाची भाकरी आहे आणि ती ठरवून, वेळेवर द्यावी, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. सुरुवातीची वर्षे कोरडी जाणे ह्यात कमीपणाही नाही. डॉ. आंबेडकरांसारख्या बॅरिस्टरलाही मुंबईत वकिली सुरू केल्यावर १९२५ ते १९२८ ह्या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून मिळकतीला जोड द्यावी लागली. आजच्या वकिलाला पगारी नोकरीची बंदी आहे, तरी कायदा शिकवण्यापुरती दिवसाला तीन तासांची सवलत आहे. गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्याला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा त्यांनी घेतलेली तीस रुपये फी परत करायला सांगितले. काम झाले नाही तर फी आपली नव्हे, इतका तो साधा हिशेब होता.

इंग्लंडात सॉलिसिटरांनी अशिलाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा ही सक्ती १९३३ च्या कायद्यातून आली. अमेरिकेतल्या राज्यांत तर १९८० च्या दशकापासून अशा एकत्रित खात्यांवरचे व्याज गोरगरिबांच्या कायदेविषयक मदतीला जाते. आपल्याकडे एवढे अवघड काही नको. एक दुसरे बँक खाते, ज्याचे एटीएम कार्ड पाकिटात ठेवायचे नाही. एक कार्बनची पावतीबुके, जिच्यावर फी आणि खर्च अशा दोन ओळी छापलेल्या असतील. आणि एक जाड वही, प्रत्येक अशिलाला एक पान. आता खेड्यातला माणूसही फोनवरून पैसे पाठवतो. तेव्हा कोणता पैसा कोणत्या खात्यात घ्यायचा एवढे सांगितले की अर्धी नोंद बँकच करील.

गडचिरोलीत एक तरुण वकीलबाई हे करतात. पहिल्या वर्षी दोन अशील पावती पाहून उठून गेले, असे त्यांनी मला सांगितले. एकाला वाटले, हिच्याकडे ओळखी नसणार म्हणून कागद रंगवते आहे. तिसऱ्या वर्षी त्यांचा मुन्शी तक्रार करू लागला की लोक पावतीवाल्या बाई कोठे बसतात ते विचारत येतात आणि त्याला दुपारचे जेवायला सवड होत नाही.

दिवाळीची सुट्टी संपून कोर्टे उघडतील तेव्हा दोन्ही जिल्ह्यांतल्या वकील संघांनी एवढे करावे. आपापल्या बाररूमच्या बाहेरच्या भिंतीवर, आत नव्हे, एक फलक लावावा: पैसे दिले की पावती घ्या, फी किती आणि खर्च किती ते वेगळे लिहून घ्या, पोटगीच्या दाव्यात स्त्रीला कोर्ट फी नाही, मोफत वकील कोणाला मिळतो आणि त्याचा अर्ज कोणत्या खोलीत करायचा. अक्षर मोठे असावे. भामरागड-एटापल्लीकडच्या माणसांकरिता तो माडियातही लिहावा, आणि सिरोंच्याला तेलुगूत लागेल.